“तिला काय झालंय?” म्हणून थांबू नका, धडधाकट बाईचीच तपासणी करायची असते

मी शेती खात्याचा माणूस. पदविका शेतीची. बियाणे, खत, कीड, पाणी यांवर दोन शब्द सांगावेत आणि गप्प बसावे, ही माझी पायरी. तरीही आज या पानावर बायकांच्या आरोग्याविषयी लिहितो आहे. कारण ज्या शेतात मी सल्ला द्यायला जातो, त्या शेतात खुरपणी, वेचणी, लावणी करणारे निम्म्याहून अधिक हात बाईचे असतात. त्या हातांची काळजी हा शेतीबाहेरचा विषय आहे, असे मला आता वाटत नाही.

गेल्या खरिपात एका गावी कापसाची शेतीशाळा होती. विषय होता गुलाबी बोंडअळी. तीसएक शेतकरी बांधावर बसलेले. मी विचारले, “माती परीक्षण कुणी कुणी केलंय?” दहा-बारा हात वर झाले. “लाळ-खुरकूतची लस कुणाच्या जनावराला टोचली?” जवळजवळ सगळे हात वर. मग मी सहज विचारले, “घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांची तपासणी कुणी करून आणली?” एकही हात वर आला नाही. मागच्या रांगेतले एक वयस्कर बाबा म्हणाले, “साहेब, तिला काय झालंय?”

सगळे हसले. मीही हसलो. पण परत येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. बाबांचे काही चुकले नव्हते. दवाखाना दुखण्यासाठी असतो, दुखत नसेल तर कशाला जायचे, असेच आपण सगळे धरून चालतो. मात्र याच बाबांना मी अर्ध्या तासापूर्वी काय सांगत होतो?

बोंड बाहेरून हिरवेगार असते

मी सांगत होतो की बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवेगार, टवटवीत दिसते आणि अळी आत सरकी खात असते. बोंड फुटून कवडी कापूस दिसतो, तेव्हा फवारणीची वेळ गेलेली असते. म्हणून शेत चांगले दिसत असतानाच कामगंध सापळे लावायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचे. दर आठवड्याला वीस हिरवी बोंडे तोडून, चिरून पाहायची. “शेताला काय झालंय?” असे कुणी विचारत नाही. काही होऊ नये म्हणूनच आपण पाहतो.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग, म्हणजे डॉक्टर ज्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात, तो अगदी असाच आहे. त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो. नाव एचपीव्ही. शरीरसंबंधातून तो पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे पुरुष मंडळींनी आधी लक्षात घ्यावे. बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. मग गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. एचआयव्हीमुळे किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो.

पंधरा वर्षे म्हणजे केवढी सवड! या सगळ्या काळात बाईला काहीच होत नाही. ती रानात जाते, भाकरी थापते, पोरांची लग्ने करते. पण याच काळात तो बदल तपासणीत दिसतो आणि काही मिनिटांच्या उपचाराने काढून टाकता येतो. त्रास सुरू झाल्यावर तपासले, तर बहुधा बोंड फुटल्यानंतर फवारणी केल्यासारखे होते.

दुखणे अंगावर काढण्याची किंमत

माझी चुलती याच आजाराने गेली. पाळी जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती आणि पुन्हा अंगावर लाल जाऊ लागले. तिने वर्षभर कुणाला सांगितले नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवल्या आणि ऊस खुरपत राहिली. कंबर दुखायला लागली तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे आतून तपासणी न करताच अशक्तपणाची इंजेक्शने दिली. त्यात आणखी चार महिने गेले. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर काकांना म्हणाले, “दोन वर्षं आधी आणायला हवं होतं.”

काका आजही म्हणतात, “मला बोलली असती तर नेलं नसतं का?” खरे आहे, नेले असते. पण बोलायला तिला जागा कुठे होती? आपल्याकडे बाईचे पोट दुखले तर ओवा आणि कंबर दुखली तर शेक. त्यापुढचे बोलायचे नाही. दुखणे अंगावर काढणे हा आपण तिचा गुण मानतो. हा गुण नाही, नुकसान आहे.

आपल्या देशात या एका कर्करोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण दरवर्षी होतात आणि सुमारे ऐंशी हजार बायका दगावतात, असा २०२२ सालचा जागतिक अंदाज आहे. आणि २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

पुरावा आपल्याच मातीतला

हे सगळे मोठ्या शहरातले, परदेशातले असेल, असे वाटेल. तसे नाही. ज्याचा दाखला जगभर दिला जातो, ते काम आपल्या बार्शीत आणि धाराशिव जिल्ह्यात झाले आहे.

बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मदतीने बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने हे काम केले. डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी त्यात होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. नुसत्या या माहितीनेही रुग्ण आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागले.

पुढे १९९९ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी पाहणी सुरू झाली. ४९७ गावे, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. त्यांचे चार गट केले. तीन गटांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकदा तपासणी केली. चौथ्या गटाला तपासणी नव्हती, नेहमीचीच आरोग्यसेवा होती. आठ वर्षे सगळ्यांवर लक्ष ठेवले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आकडे जरा सावकाश वाचा. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांत १२७ जणींना कर्करोग आढळला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, त्यांत ११८ जणींना. म्हणजे रोग सापडण्यात फारसा फरक नाही. फरक पडला तो कधी सापडला याचा. पहिल्या गटात पुढच्या अवस्थेतले रुग्ण ३९, दुसऱ्या गटात ८२. आणि मृत्यू? पहिल्या गटात ३४, दुसऱ्या गटात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती बिनबुडाची नव्हती. त्या गटातल्या ६४ बायका आपल्याच भागातल्या होत्या. त्यांच्यामुळे जे कळले, ते आपण वापरलेच नाही, तर मात्र ते दुहेरी पाप ठरेल.

याच पाहणीत दुसरी, स्वस्त पद्धतही होती. तिला व्हीआयए म्हणतात. एकदाच केलेल्या व्हीआयएचा तिथे मृत्यू कमी होण्यात ठळक फायदा दिसला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख बायकांची पाहणी केली. तिथे निम्म्या बायकांची हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली. ती करणाऱ्या प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यावरून आपण घ्यायचे ते एवढेच, की व्हीआयए एकदा करून विसरायची गोष्ट नाही. सापळा एक दिवस लावून काढून ठेवला, तर काय उपयोग?

तपासणीत नेमके काय करतात?

भीती बहुतेक वेळा न कळल्याची असते. म्हणून सविस्तर सांगतो. भगिनींनी स्वतः वाचावे, नाहीतर घरातल्या कुणी वाचून दाखवावे.

व्हीआयए तपासणीत बाईला पडद्याआड टेबलावर झोपवतात. सिस्टर किंवा डॉक्टरीणबाई एका साधनाने गर्भपिशवीचे तोंड पाहतात आणि त्यावर पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकातल्या व्हिनेगरसारखाच द्राव, कापसाने लावतात. एक मिनिट थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. बस्स. कापाकापी नाही, भूल नाही. थोडी चुरचुर होते. निकाल तिथल्या तिथे कळतो. पाळी चालू असताना ही तपासणी करत नाहीत, म्हणून दिवस बघून जावे. पाळी कायमची गेलेल्या बायकांत ही पद्धत तितकी खात्रीची नसते. त्यांनी डॉक्टरांना दुसऱ्या तपासणीविषयी विचारावे.

एचपीव्ही तपासणीत आतला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तो बाईला स्वतःलाही घेता येतो. ही तपासणी अधिक खात्रीची आहे, मात्र अजून सगळीकडे मिळत नाही. मिळत असेल तिथे जरूर करून घ्या.

आता महत्त्वाचे. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. पुढे भिंगाच्या यंत्रातून नीट पाहतात, गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला घेतात. कर्करोगाआधीचा बदल निघाला तर तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात. बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी येते.

पिशवी काढणे म्हणजे तपासणी नव्हे

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. अंगावर पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून गेलेल्या बाईला “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल” असे सांगून भीती घातल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर महिलांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्यानंतर नेमलेल्या समितीने पाहिलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कोयत्याची उचल घेतलेली, खाडा परवडत नाही, फडात पाण्याची सोय नाही. अशा बाईला ‘एकदाची कटकट गेली’ असे वाटते. पण कमी वयात पिशवी गेली आणि त्याबरोबर बीजकोषही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि इतर तक्रारी मागे लागतात.

पांढरे जाण्याची कारणे बहुधा साधी असतात आणि औषधाने बरी होतात. कर्करोगाची भीती खरी की खोटी, हे ठरवायला आधी तपासणी हवी. कुणी पिशवी काढायला सांगितली, तर दोन प्रश्न विचारा: “आतून तपासणी केली का? तिचा कागद कुठे आहे?” आणि शस्त्रक्रियेआधी सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्या. ज्याला जमिनीचा व्यवहार करताना सात-बारा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने एवढे तरी करावे.

कोणती तपासणी, कधी?

शासनाच्या कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी पुढील तपासण्या आहेत. उपकेंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

१. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी: दर पाच वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांनी याहून लवकर आणि अधिक वेळा, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

२. स्तनांची तपासणी: प्रशिक्षित सिस्टरकडून. मुंबईच्या त्याच पाहणीत दर दोन वर्षांनी अशी हाताने तपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. तरी न दुखणारी गाठ, कातडी आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त येणे यांकडे कोणत्याही वयात दुर्लक्ष करू नये.

३. तोंडाची तपासणी: मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसले की लगेच जावे. मिश्री हा तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे.

४. रक्तदाब आणि साखर: वर्षातून एकदा. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्या. चक्कर, धाप, थकवा हे ‘बाईमाणसाचं असतंच’ म्हणून सोडू नका.

आणि हे वेगळे लक्षात ठेवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, यांतले काहीही असेल तर शिबिराची वाट पाहू नये. थेट डॉक्टर गाठावा.

मुलींसाठी एचपीव्हीची लसही आहे. नऊ ते चौदा या वयात ती घेणे सर्वांत चांगले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लशीला २०२२ साली मंजुरी मिळाली. आपल्या भागात ती कुठे व कशी मिळेल, हे आरोग्य केंद्रात विचारा. लस घेतली तरी पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच.

सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्यांना विनंती

आपल्या हातात बरेच आहे. तपासणीचा दिवस आरोग्य खात्याने ठरवला आणि त्याच दिवशी वेचणी असली, तर एकही बाई येणार नाही. म्हणून दिवस गावाने ठरवावा. खुरपणी-वेचणीचा जोर आणि बाजारचा दिवस टाळावा. ज्या गावातून टोळ्या ऊसतोडीला जातात, तिथे दसऱ्याआधी तपासणी उरकावी, कारण त्यानंतर घरांना कुलपे लागतात.

ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून आरोग्य केंद्रापर्यंत गाडीची सोय करता येईल का, याचा विचार महिला ग्रामसभेत व्हावा. उपकेंद्रात जाडजूड पडदा, टेबल, पाणी आणि बसायला जागा आहे का, एवढे एकदा जाऊन पाहा. सतरंज्या आणि फलक नसले तरी चालेल.

दोन पथ्ये पाळा. कुणाच्या तपासणीत काय निघाले, हे चावडीवर येता कामा नये. ती माहिती सिस्टर आणि आशाताईंपाशीच राहावी. दुसरे असे, की खरी गळती तपासणीनंतर होते. पुढच्या दवाखान्यात जायला सांगितलेली बाई ‘वेचणी झाल्यावर बघू’ म्हणते आणि राहून जाते. तिच्यासोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी बुडाली तर काय, हे आशाताईंशी बोलून ठरवा. उपचारच लागले तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटावे.

आणि घरच्या कारभाऱ्यांना

बाई स्वतःहून “मला तपासायला न्या” असे म्हणणार नाही. तिला रोजगार बुडण्याची, सासूच्या बोलण्याची, खर्चाची काळजी असते. तेव्हा ते तुम्ही म्हणा. एक दिवस तिच्याबरोबर जा. पोरांचे आणि जनावरांचे त्या दिवशी तुम्ही बघा. तपासणीचा कागद पीककर्जाच्या आणि सात-बाराच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे हरवणार नाही. पुढच्या तपासणीचे साल त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

शेतीशाळेतल्या त्या बाबांची दिवाळीनंतर पुन्हा गाठ पडली. म्हणाले, “साहेब, तुमचं ऐकून घरच्या दोघींना नेलं होतं. सासू आणि सून. काहीच निघालं नाही. फुकटचा दिवस गेला.”

मी म्हटले, “बाबा, सापळ्यात पतंग सापडला नाही, तर तुम्ही सापळा फुकट गेला म्हणता का?”

ते थोडे थांबले आणि म्हणाले, “नाही. फवारणी वाचली म्हणतो.”

बंधूंनो, असा ‘फुकटचा दिवस’ तुमच्या घरीही यावा. या आठवड्यात उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईंना एवढेच विचारा: “तपासणी कोणत्या दिवशी असते?” आणि त्या दिवसाभोवती घरातल्या कॅलेंडरवर एक गोल काढून ठेवा.